मिअँड्रिना नावाचा गोटा

पळस फुलला की लोकांना काहीबाही होतं म्हणे. कुणी फोटो काढतं, कुणी कविता करतं, कुणी गाडी काढून जंगलाच्या रस्त्याला लागतं. मला चिडचिड होते. राजुऱ्याच्या बाहेर पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ती केशरी झाडं उभी असतात, आणि मला एवढंच आठवतं की प्रॅक्टिकल परीक्षा आली. परीक्षा आली म्हणजे फॉर्मॅलिनचा वास आला, बाटल्या पुसणं आलं, टेबलावरची दाबायची घंटी कुठल्या कपाटात गेली ते शोधणं आलं. आणि तो गोटा आला.

ज्यांनी प्राणिशास्त्र घेतलं नाही, ते सुखी लोक. त्यांच्यासाठी सांगते. आमच्या परीक्षेत स्पॉटिंग नावाचा एक प्रकार असतो. टेबलं ओळीनं लावतात, प्रत्येकावर लेबल झाकलेला एक नमुना ठेवतात, कुठे बाटलीतला मासा, कुठे वाळलेला तारामासा, कुठे सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी. घंटी वाजली की विद्यार्थ्यानं पुढच्या टेबलाशी जायचं, प्राणी ओळखायचा, नाव लिहायचं, कशावरून ओळखला ते लिहायचं. परत घंटी, परत पुढे. लग्नातल्या पंगतीसारखी रांग सरकत राहते.

आता नमुने तेच, वर्षानुवर्षांचे. त्यामुळे आमच्या पोरांनी प्राणी ओळखायचे कधीच सोडून दिलेत. ते बाटली ओळखतात. झाकणाला मेण लावलेलं असलं की जळू. पाणी चहासारखं झालं असलं की समुद्रघोडा. एक हात तुटलेला तारामासा म्हणजे अमुक, सगळे हात शाबूत असलेला म्हणजे तमुक. हे ज्ञान सीनियर पोरं ज्युनियरला कॅन्टीनच्या मागे उभं राहून देतात, आणि आमच्या शिकवण्यापेक्षा ते जास्त पक्कं बसतं. एका वर्षी मी त्या तारामाशाची जागा बदलली तर अर्ध्या वर्गानं मला खडूस ठरवलं.

याच यादीत तो गोटा. सोललेल्या नारळाएवढा, राखाडी पांढरा, फळीवर प्लास्टरमध्ये कमरेपर्यंत रोवलेला. कुणीतरी कधीतरी रामेश्वरच्या सहलीहून आणला असं म्हणतात, खरंखोटं कुणाला माहीत नाही. लेबलावर सुरेख अक्षरात लिहिलेलं, मिअँड्रिना. खाली कंसात, मेंदू पोवळे.

मी तासिकेवर, म्हणजे तासाच्या पैशांवर शिकवायला, नवीन लागले होते, त्या पहिल्या वर्षीच मी तो हातात घेतला आणि म्हटलं, हे मेंदू पोवळं नाही. यात काही विद्वत्ता नव्हती. मेंदू पोवळ्यावर अक्रोडासारख्या नागमोडी नाळ्या असतात, एकीतून दुसरीत जाणाऱ्या. याच्यावर वेगवेगळे खळगे होते, गोलसर, बोटाचं टोक टेकेल एवढे, आणि प्रत्येक खळग्यात मध्याकडे जाणाऱ्या बारीक पात्या, चांदणीसारख्या. लहान पोरगंही म्हणालं असतं की हे ते नाही. मी विभागप्रमुख सरांकडे गेले. सर माणूस चांगला, कधी आवाज चढवायचे नाहीत. म्हणाले, "मॅडम, मग हे काय आहे ते सांगा. सिद्ध करून द्या, आपण लगेच लेबल बदलवू."

इथूनच माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. हे काय नाही हे सांगायला एक नजर पुरते. हे काय आहे हे सांगायला निघालं की माणूस कामातून जातो.

समुद्र मी जन्मात एकदा पाहिलाय, विशाखापट्टणमला, कॉलेजच्या सहलीत. पोवळं शोधत किनाऱ्यानं फिरले आणि मला फक्त भाजलेल्या कणसांची बुडखी सापडली. माझे विद्यार्थी तर त्याहून पुढे. भामरागडहून आलेला एक मुलगा मला विचारत होता, पावसाळ्यात आमच्या इथी संगमाचा पलीकडचा काठ दिसत नाई, तसा का समुद्र? मी म्हटलं, तसाच, पण खारट, आणि तो उतरत नाही. अशा ठिकाणी बसून, कोळशाच्या खाणी आणि सागाच्या जंगलाच्या मधोमध, मी खडक बांधणारं पोवळं ओळखायला निघाले होते.

पोवळं म्हणजे दगड नव्हे, वस्ती. एकेक खळगा म्हणजे एकेका मऊ जिवाचं घर, त्यानंच चुना काढून बांधलेलं. जीव मरतो, घर राहतं. आमचा गोटा म्हणजे अशा रिकाम्या घरांची एक गच्च वस्ती होती. आणि अशा गोलसर पोवळ्यात पहिला प्रश्न विचारायचा असतो तो भिंतीचा. शेजारच्या दोन घरांमध्ये भिंत एकच आहे, की प्रत्येकाची आपापली? एकच असेल तर तो फॅव्हायटीस. दोन असतील, मध्ये बारीक फट असेल, तर फॅव्हिया. बाकी सगळं त्यानंतर.

मला हे कळायला पुस्तक लागलं नाही. मी माजरीची. अब्बांचं कॉलनीच्या बाजारात टेलरिंगचं दुकान होतं, आणि आम्ही राहायचो भाड्यानं, खाणीच्या क्वार्टरला खेटून असलेल्या एका चाळवजा ओळीत. दोन घरांत एक भिंत. आम्ही खिळा ठोकला की पलीकडे राहणाऱ्या काकूंचं कॅलेंडर पडायचं. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या अम्मी मोजायची आणि आपली डाळ उतरवायची. ईदला शिरखुर्मा द्यायला जायचं तर दारातून जावं लागतं याचंच मला लहानपणी नवल वाटायचं. तर वर्गात मी हेच सांगितलं, की माजरीच्या आमच्या चाळीसारखं असेल तर एक नाव, नसेल तर दुसरं.

"नसन तर आमच्या मोहल्ल्यासारखं," मागच्या बाकावरून प्रणाली म्हणाली.

प्रणाली वर्धेच्या काठच्या गावची. वडील नदीत जाळं टाकायचे, आई राजुऱ्याच्या बाजारात मासोळी विकायची. त्यांच्या मोहल्ल्यात घराला घर लागून, पण भिंत ज्याची त्याची, मध्ये हातभर सांद, आणि त्या सांदीत काठीवर वाळत घातलेली जाळी. मोहाच्या दिवसांत ती सकाळचे तास बुडवायची, घरचे सगळे फुलं वेचायला जात म्हणून. दुपारी यायची तेव्हा ओढणीला तो गोड, आंबूस वास असायचा. तिला एमएस्सी करायचं होतं. त्यासाठी फर्स्ट क्लास पाहिजे होता, आणि आधीच्या दोन वर्षांत ती अगदी काठावर होती. सगळं त्या शेवटच्या प्रॅक्टिकलवर येऊन ठेपलं होतं. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, तिच्या आईला तर इतकं माहीत होतं की मासोळी घ्यायला गेलं की ती आधी विचारायची, "पोरगी निंगन का मॅडम?"

त्या हंगामात आम्ही दोघी दुपारच्या दुपार त्या गोट्याला घेऊन बसायचो. जुन्या टूथब्रशनं एकेक खळगा झाडायचा आणि भिंगातून बघायचं. वर्षांची धूळ भरलेली, त्यामुळे फट आहे की नुसती मळाची रेघ, तेच कळायचं नाही. मला एकदा वाटायचं भिंत एक, एकदा वाटायचं दोन. माझे डोळे दुखून यायचे.

"मॅडम, इथी सांद आहे," प्रणाली म्हणायची.

"कुठे?"

"इथी पाहा नं. आता तिकडून नाई दिसत, इकडून दिसते. उजेड आडवा पाह्यजे."

मी मान वाकडी करून बघायची. कधी दिसायची, कधी नाही. मग आम्ही वाद घालायचो. तिला दोन भिंतींची खात्री होती, मला नव्हती, आणि खात्री नसताना मी सरांकडे कशी जाणार होते?

म्हणून मी किनाऱ्याकडच्या एका संशोधक बाईंना फोटो पाठवायला लागले. त्या पोवळ्यांवरच काम करायच्या आणि बिचाऱ्या उत्तर द्यायच्या. पण ते उत्तर कसं असायचं? उजेडात काढा. पट्टी ठेवून काढा. वरून काढा, आडवा काढा, माथ्याचा काढा. एक फोटो जायला आमच्या नेटवर्कला अर्धी दुपार लागायची, आणि तो गेला की पलीकडून यायचं, धूसर आहे. शेवटी त्यांनी लिहिलं, माथ्यावरच्या चांगल्या खळग्यांचा अगदी जवळून एक स्वच्छ फोटो द्या, भिंत एक की दोन तेवढं दिसू द्या, मी नाव लिहून देते. माझा भाऊ चंद्रपूरला मोबाइल दुरुस्त करतो. त्याच्याकडे जवळून फोटो काढायची छोटी काच होती, ती तो रविवारी आणून देणार होता. म्हणजे सोमवारी फोटो, मंगळवारी नाव, आणि त्याच आठवड्यात असलेल्या परीक्षेच्या आत लेबल. माझा जीव भांड्यात पडला होता.

सोमवारी मी प्रयोगशाळेत पाय ठेवला तर सगळं लखलखत होतं. बाहेरचे परीक्षक येणार म्हणून मारोतीभाऊंनी, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या सेवकांनी, शनिवारभर राबून साफसफाई केली होती. काचा, बाटल्या, बेसिन, सूक्ष्मदर्शकांचे पाय, सगळं. आणि ओट्यावर तो गोटा, पांढराफेक.

"मॅडम, पाहा," मारोतीभाऊ म्हणाले. "तुमी रोज ब्रशनं घासून राह्यल्या होत्या नं. म्या म्हटलं, बाईचे हात काऊन दुखवाचे. एकदाच चमकवून देलो."

"कशानं?"

"बाथरूमवाल्या ॲसिडनं. लय मळ होता त्याच्यात. फेसच फेस निंगाला."

फेस मळाचा नव्हता. पोवळं म्हणजे चुना, आणि चुन्यावर ॲसिड पडलं की चुनाच फेस होऊन जातो. ते त्या गोट्यालाच धुऊन बेसिनमध्ये सोडत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि समोर त्यांचा चेहरा बघून तिथेच अडकली. माणसानं माझे हात दुखतात म्हणून हे केलं होतं, त्याच्यावर ओरडू तरी कशी. मी खुर्चीवर बसले. त्यांनी मला पाणी आणून दिलं, वर म्हणाले, ऊन लागलं असन.

माथ्यावरच्या भिंती विरघळल्या होत्या. एक असो की दोन, आता काहीच नव्हतं, नुसता गुळगुळीत उंचवटा. आणि खरी चीड पुढेच आहे. भिंती गेल्यामुळे काही ठिकाणी खळगे एकमेकांत मिसळले होते, आणि लांबून बघितलं तर त्यांच्या नागमोडी नाळ्या दिसायला लागल्या होत्या. सर आले, त्यांनी चष्मा वर केला, म्हणाले, "आता तर मिअँड्रिनाच दिसतेय की, मॅडम." इतकी वर्षं जे नाव खोटं होतं, त्याला साजेसा गोटा आम्ही एका शनिवारी बनवून ठेवला होता.

सरांनी वर्गात सांगून टाकलं, लेबलवर आहे तेच लिहा. त्या सकाळी प्रणाली मोह वेचायला गेली होती. पण तिला सांगणारे सांगतातच. तिला ते कळलं होतं.

परीक्षेच्या दिवशी मी घंटी दाबत होते. तासिकेवरच्या माणसाचं काम तेवढंच. प्रणाली गोट्यापाशी आली, तिनं वाकून बघितलं, मग बाजूनं बघितलं, काहीतरी लिहिलं. घंटी दाबायची वेळ झाली होती आणि ती अजून लिहीत होती. मी जरा थांबले, मग परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं आणि मी घंटी दाबली.

संध्याकाळी पेपर तपासताना परीक्षकांनी मला मुद्दाम बोलावलं. त्यांना गंमत वाटत होती. "हे बघा तुमच्या विद्यार्थिनीचं," ते म्हणाले. "मिअँड्रिना लिहिलंय, बरोबर. मग खोडलंय. खाली काय तर, माथा झिजल्यानं नाव सांगता येत नाही, कडेला घरांच्या भिंती वेगळ्या वाटतात, मिअँड्रिना नाही. हातातलं बरोबर उत्तर खोडतं का कुणी?"

मी म्हटलं, सर, तिचं बरोबर आहे. लेबल चुकीचं आहे.

"मग काय आहे ते?"

परत तोच प्रश्न. मी म्हटलं, ते सांगता येत नाही. ते सभ्यपणे हसले आणि शून्याभोवती पेन फिरवून घेतलं. मी खूप बोलले त्या दिवशी. त्यांच्याशी बोलले, सरांशी बोलले, पुढे निकाल लागला तेव्हा परत बोलले. प्रॅक्टिकलची फेरतपासणी होत नाही, हे मला प्रत्येकानं समजावून सांगितलं, जसं काही मला ते माहीत नव्हतं. प्रणालीचा फर्स्ट क्लास गेला, आणि गेला तोही त्या एका टेबलाएवढ्या फरकानं. एमएस्सीच्या यादीत तिचं नाव लागलं नाही. तिच्या आईनं मासोळी तोलताना मला काही विचारलं नाही, आणि तेव्हापासून मी दुसऱ्या टोकानं बाजारात शिरायला लागले.

तेव्हापासून दर वर्षी पळस फुलतो आणि गोटा टेबलावर येतो. नवा आणावा तर आणता येत नाही. वाघ ज्या कायद्यात बसतो त्याच कायद्यात पोवळंही बसतं, विकत घेणं गुन्हा. आमच्या जिल्ह्यात वाघाबद्दल कुणीही उठून सांगतं, पोवळ्याचं नाव काढलं तर वनखात्यातला ओळखीचा माणूस म्हणतो, थे अंगठीतलं का? पोरांनी मात्र गोट्यासाठी नवीन खूण शोधून काढली. ॲसिडनं माथा गुळगुळीत झालेला, म्हणून त्याचं नाव पडलं टकल्या. टकल्या दिसला का मिअँड्रिना लिहायचं आणि पुढे सरकायचं. कॅन्टीनच्या मागे हा धडा चालू आहे. अम्मी अजून फोनवर विचारते, "वो पत्थर अभी तक तेरे सर पे है क्या, नसरीन?" मी म्हणते, टेबलपे है, अम्मी. ती म्हणते, एक ही बात है.

मधल्या काळात मी कायम झाले, आणि यंदा सर निवृत्त झाल्यावर विभाग माझ्याकडे आला. बाटल्या काढताना गोट्याची फळी उचलली तर ती हातातच भुगा झाली, वाळवीनं आतून पोखरलेली. गोटा ओट्यावर आपटला आणि प्लास्टरचं कडं खळकन सुटलं. मी शिवी देणार होते, तर दिसलं की प्लास्टरखाली खळग्यांचा एक पट्टा आहे. इतकी वर्षं बुडून राहिलेला. त्याला ना धूळ लागली, ना ब्रश, ना ॲसिड.

मी पिनेनं प्लास्टरचे कण काढले. उजेड आडवा घेतला. मग निळ्या शाईचा एक थेंब दोन घरांच्या मधे सोडला. भिंत एकच असती तर तो भिंतीवरून कुठल्यातरी खळग्यात घरंगळला असता. तो घरंगळला नाही. तो दोन भिंतींच्या मधल्या सांदीत शिरला आणि सावकाश सगळ्या घराला वळसा घालून आला. मी दुसरा थेंब सोडला, तिसरा सोडला. प्रत्येक घराभोवती निळी सांद उमटत गेली. हातभर सांद, जाळी वाळत घालायची.

मी फोटो पाठवला. त्याच बाईंचं उत्तर आलं, आणि आता नेटवर्क बरं असल्यानं लगेच आलं. भिंती दोन. तुमचं पोवळं फॅव्हिया. फक्त आपल्याकडच्या समुद्रातल्या फॅव्हियाला आता डिप्सॅस्ट्रिया म्हणतात, नाव बदललंय. नेमकी जात मात्र सांगता येणार नाही, त्यासाठी माथा शाबूत पाहिजे होता. मी ते वाचून हसले आणि मग बराच वेळ मला रडू आलं. सापडलं तेही अर्धं, आणि जे अर्धं सापडलं त्याचं मधल्यामध्ये बारसं होऊन गेलेलं.

मी नवीन लेबल लिहिलं. डिप्सॅस्ट्रिया, आणि जातीपुढची जागा मोकळी. वर्गात सांगितलं, फळ्यावर घरं काढून दाखवली, माजरीची चाळ काढली, नदीकाठचा मोहल्ला काढला. प्रत्येकाला शाईची सांद भिंगातून दाखवली. सगळ्यांनी माना डोलावल्या. परवा परीक्षा झाली, आणि एकूण एक पोरानं लिहिलं मिअँड्रिना.

"मॅडम, टकल्या तर मिअँड्रिनाच असते नं," एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली. "सीनियरनं सांगतलं होतं."

यंदा लाल पेन माझ्या हातात होतं. मी एकेका पेपरवर शून्य देत गेले, आणि प्रत्येक शून्यागणिक मला वाटत होतं की उलट्या बाजूनं तेच चाललंय. शेवटचा पेपर ठेवला आणि प्रणालीचा नंबर शोधला. तिच्या लग्नाचं बोलावणं देताना तिनंच दिला होता. मी लग्नाला गेले नव्हते.

तिनं लगेच उचलला. मागे बाजाराचा गलका, तराजूची खणखण. आईच्या जागी आता ती बसते हे मला कुणीतरी सांगितलं होतं.

"प्रणाली, तुझं बरोबर होतं गं," मी म्हटलं. "त्या गोट्याच्या भिंती दोनच आहेत. आता सिद्ध झालं."

"कोणता गोटा, मॅडम?"

मी तिला सगळं सांगितलं. दुपारी, टूथब्रश, आडवा उजेड, मारोतीभाऊ, खोडलेलं उत्तर. ती मध्येच कुणाला तरी पिशवी धरायला सांगत होती.

"अच्छा, थो," ती म्हणाली. "त्याच्यातच तर राह्यलं होतं नं माहं."

"हो. त्याच्यातच."

"मंग आता मार्क वाढते का?"

टोमणा नव्हता तो. तिनं खरंच विचारलं, मासोळीचा भाव विचारावा तसं. मी म्हटलं, नाही वाढत. आता काही नाही होत.

"मंग राहू द्या," ती म्हणाली. "तुमी तिकडल्या टोकानं काऊन येता बाजारात? इकडून या. झिंगे ताजे हायेत, बाजूले काढून ठेवते."